गुरुजी, कॉम्प्युटर सुरूच होईना!

आज मी तुम्हाला एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक तुमच्यासारख्या कुणा मुलाची नाही बरं का! ती माझी आहे, म्हणजे खुद्द गुरुजींची. आलं ना हसू? खुशाल हसा. पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा, कारण उद्या हीच वेळ तुमच्या घरच्या किंवा शाळेतल्या कॉम्प्युटरवरही येऊ शकते.

आमचं गाव ईट. धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात. आमचा तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. पहाटे धार काढायची, दूध भट्टीवर न्यायचं, मोठ्या कढईत ओतायचं आणि खाली जाळ लावून उलथन्यानं हलवत राहायचं. हलवणारा माणूस मध्येच उठून गेला तर काय होतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा. हा खवा आपल्या गोष्टीत पुढे येणार आहे, तेव्हा त्याला लक्षात ठेवा.

आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर आहे. फार नवा नाही, फार जुनाही नाही. त्यावर मुलं चित्रं काढतात, मराठीत टाईप करायला शिकतात. गेल्या वर्षी पाचवी ते सातवीच्या मुलांनी एक मोठं काम हाती घेतलं. गावातल्या आजीबाईंकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या! सुट्टीच्या दिवशी मुलं घरोघर जायची. आजी ओवी म्हणायची, मुलं मोबाईलवर आवाज भरून घ्यायची आणि सोमवारी ते सगळं शाळेच्या कॉम्प्युटरवर चढवायची. आई-वडिलांच्या मोबाईलमध्ये जागा कमी. म्हणून चढवून झालं की मोबाईलमधलं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, असा आमचा नियम. हा नियमही मीच घातलेला.

ओव्या गोळा करण्याचं असं काम महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवॅं या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आमचा आकडा त्यापुढे अगदीच चिमुकला, १३७. पण आम्हाला त्याचा केवढा अभिमान!

त्या १३७ मधल्या चाळीस ओव्या एकट्या एका आजींच्या होत्या. त्यांची नात सहावीत शिकते. आजींनी दोन रविवार बसून सगळ्या ओव्या म्हटल्या. मध्ये मध्ये खोकल्या, हसल्या, ‘ही लिवू नगं गं, ही माज्या सासूची हाय’ असंही म्हणाल्या. तेही सगळं रेकॉर्ड झालं. पुढे पावसाळ्यात आजी वारल्या. त्यांचा आवाज आता जगात एकाच जागी राहिला होता. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये.

आणि नेमका तोच कॉम्प्युटर बंद पडला!

झालं असं. शनिवार होता, सकाळची शाळा. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात कितीतरी दिवसांपासून एक सूचना येत होती, ‘अपडेट करायचं आहे.’ मी रोज ‘नंतर’ म्हणून तिला घालवून देत होतो. त्या दिवशी म्हटलं, करूनच टाकू. बटण दाबलं. पडदा बदलला, ठिपक्यांचं चक्र गरगर फिरू लागलं, खाली टक्के वाढू लागले. दहा, वीस, तीस. ‘होईल आपोआप,’ असं म्हणून मी दुसऱ्या खोलीत पोषण आहाराच्या नोंदी करायला गेलो.

आमच्या वर्गात मंत्रिमंडळ आहे. पाणीमंत्री, सफाईमंत्री, तसा एक बटणमंत्री. शाळा सुटताना पंखे, दिवे आणि कॉम्प्युटरचा बोर्ड बंद करणं हे त्याचं काम. मोठा जबाबदार मुलगा! त्यानं नेहमीसारखी सगळी बटणं बंद केली आणि तो घरी गेला.

सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मुली धावत आल्या. “गुरुजी, कॉम्प्युटर सुरूच होईना!”

जाऊन बघतो तर काय, बटण दाबलं की चिन्ह यायचं, ठिपके फिरायचे, पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. माझ्या पोटात गोळा आला. बटणमंत्री दाराशी उभा होता. खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, शनवारी बटण म्या बंद केलं. पडद्यावर इंग्लिशमधी कायतरी लिवलं होतं. मला वाटलं, तसंच ऱ्हातंय.”

काय लिहिलेलं होतं, ते मला ठाऊक होतं. ‘कॉम्प्युटर बंद करू नका.’ पण ते त्याला कळेल अशा भाषेत कुणी सांगितलं होतं? बटणं बंद करायचा नियम माझा. अपडेट सुरू करून उठून जाणारा मी. पडद्यावर एक मराठी चिठ्ठी लावायला मला अर्धा मिनिट लागला असता. मी त्याला जवळ घेतलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, “ह्याची चूक नाही. ह्यानं सांगितलेलं काम केलं. चूक माझी.”

मग ती सहावीतली नात पुढे आली. हळूच म्हणाली, “गुरुजी, आजीच्या ओव्या गेल्या का वो?”

मुलांनो, खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही.

अर्धा दूध, अर्धा खवा

आता आधी हे पाहू, की झालं तरी काय. कॉम्प्युटरचं यंत्र एकटं काही करू शकत नाही. पडद्यावर काय दाखवायचं, कळ दाबली की काय करायचं, फाईल कुठे ठेवायची, हे सगळं सांभाळणारा एक मुख्य कारभारी त्यात असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स, मोबाईलमधलं अँड्रॉइड हे सगळे असलेच कारभारी. हा कारभारी हजारो लहानमोठ्या फायलींचा मिळून बनलेला असतो. त्यात काही चुका सापडतात, चोरांना आत शिरता येईल अशी भोकं सापडतात. ती बुजवण्यासाठी कंपनी नव्या फायली पाठवते. जुन्या काढून नव्या बसवायच्या, याचंच नाव अपडेट.

पण चालत्या बैलगाडीचं चाक बदलता येत नाही. कारभारी कामात असताना त्याच्या मुख्य फायली बदलता येत नाहीत. म्हणून अपडेटच्या वेळी कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्या मधल्या वेळात अदलाबदल होते. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर? काही फायली नव्या, काही जुन्या, काही अर्ध्याच लिहिलेल्या.

आता आठवा आपला खवा! दूध निम्मं आटलं आणि हलवणारा उठून गेला, तर कढईत काय उरतं? ते धड दूध राहत नाही, धड खवाही होत नाही. आमच्या कॉम्प्युटरचं तसंच झालं होतं. तो जुनाही राहिला नव्हता आणि नवाही झाला नव्हता.

एरवी कॉम्प्युटर यावर स्वतःच उपाय करतो. काही बिघडलं असं त्याला कळलं, की केलेले बदल मागे घेतो आणि जुन्या रूपात परत येतो. त्याला कधी कधी तास-दीड तासही लागतो. लोक कंटाळून बटण दाबतात आणि नसलेलं दुखणं ओढवून घेतात. म्हणून पहिला नियम, चक्र फिरतंय तोवर थांबायचं. आमच्याकडे मात्र ती वेळ टळून गेली होती.

आधी सामान बाहेर, मग घराची डागडुजी

मी एका दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. तिकडून उत्तर आलं, “घेऊन या गुरुजी. फॉरमॅट मारू. दोन तासांत नव्यासारखा करून देतो.”

नव्यासारखा! म्हणजे कोरी पाटी. फॉरमॅट मारणं म्हणजे पाटी पुसून पहिल्यापासून लिहिणं. कॉम्प्युटर सुरू झाला असता, पण ओव्या पुसल्या गेल्या असत्या. दुकानदाराचंही खोटं नव्हतं. त्याला काय ठाऊक आत काय आहे ते! सांगायला हवं होतं मी.

त्या रात्री मला आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. पाच-सात वर्षांपूर्वी तो माझ्याच वर्गात होता, आता पॉलिटेक्निकला शिकतो. त्याला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं पहिलं वाक्य काय म्हणावं? “गुरुजी, आता कशालाच हात लावू नका. आधी सामान बाहेर काढू, मग घराची डागडुजी करू.”

आता बघा, केवढी शहाणपणाची गोष्ट बोलला! कारभारी वेगळा आणि आपल्या फायली वेगळ्या. वाड्याचं दार अडकलं म्हणजे आतलं धान्य जळालं असं होत नाही. दार उघडत नाही, एवढंच. आपण घाबरून वाडाच पाडायला निघतो.

मग दार न उघडता आत कसं जायचं? त्यानं फोनवरून मला एकेक पायरी सांगितली. लिनक्स नावाची एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्यानं १९९१ साली तिचं मूळ काम सुरू केलं. पुढे जगभरच्या लोकांनी मिळून ती वाढवली. तिचंच एक रूप म्हणजे उबुंटू. ती फुकट मिळते, आणि गंमत म्हणजे ती पेनड्राइव्हवर ठेवून नुसत्या पेनड्राइव्हवरूनच चालवता येते. आजारी कॉम्प्युटरच्या आत काहीही न बसवता! जणू घरचा कारभारी आजारी पडला म्हणून शेजारचे काका तेवढ्यापुरते मदतीला आले.

मी माझ्या घरच्या लॅपटॉपवरून तसा पेनड्राइव्ह तयार केला. मंगळवारी शाळा सुटल्यावर तो कॉम्प्युटरला लावला. सुरू करताना एक ठरावीक कळ दाबावी लागते. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप, ज्या त्या कंपनीची वेगळी. ती दाबली की कॉम्प्युटर विचारतो, ‘कुठून सुरू करू?’ मी पेनड्राइव्ह निवडला. पुढे दोन पर्याय आले. एक नुसतं वापरून पाहण्याचा, दुसरा कॉम्प्युटरवर बसवण्याचा. इथे फार सांभाळायचं! ‘बसवा’ म्हटलं तर आतलं पुसलं जाऊ शकतं. आम्ही ‘वापरून पाहा’ निवडलं.

पाच-सहा मुलं घरी न जाता मागे उभी होती. नातही होती. बटणमंत्री सगळ्यात मागे. पडदा उजळला. मी आतली डिस्क उघडली. मग एकेक कप्पा उघडत गेलो. आणि तिथे, जिथल्या तिथे, पिवळ्या रंगाचं आमचं ‘ओव्या’ नावाचं फोल्डर!

मी आत काहीच लिहिलं नाही, काहीच हलवलं नाही. फक्त त्या फोल्डरची नक्कल एका मोठ्या पेनड्राइव्हवर काढून घेतली. मोजून पाहिलं, १३७ च्या १३७. तरी खात्री हवी ना! नक्कल बरोबर झाली की नाही, हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला आणि एक फाईल वाजवली.

खोलीत आजी खोकल्या. मग हसल्या. मग ओवी सुरू झाली.

कुणी काही बोललं नाही. नात ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. ओवी संपल्यावर एवढंच म्हणाली, “गुरुजी, पुन्ना लावा.”

आता डागडुजी

सामान बाहेर आलं, जीव भांड्यात पडला. आता कॉम्प्युटरकडे वळायला हरकत नव्हती. आधी इन्व्हर्टरची व्यवस्था केली. पुन्हा वीज गेली तर काय घ्या!

विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा नीट सुरू झालं नाही, तर ते आपण होऊन दुरुस्तीचा एक निळा पडदा दाखवतं. त्यावर उपायांची यादी असते. ही यादी सौम्य औषधापासून जालीम औषधापर्यंत आहे असं समजा, आणि त्याच क्रमानं जा. पहिला उपाय ‘स्टार्टअप रिपेअर’, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच आपली नाडी बघतो. आमच्याकडे त्यानं काही साधलं नाही. दुसरा उपाय, शेवटचं अपडेट काढून टाकणं. तिसरा ‘सेफ मोड’. आजारी माणसाला आपण नुसता मऊ भात देतो ना, तसं यात अगदी गरजेपुरत्या गोष्टी चालू करून कॉम्प्युटर उठवतात. चौथा ‘सिस्टीम रिस्टोअर’, म्हणजे आधी नोंदवून ठेवलेल्या चांगल्या दिवसाकडे परत जाणं. आणि अगदी शेवटी ‘रीसेट’. त्यातही ‘माझ्या फायली ठेवा’ आणि ‘सगळं काढून टाका’ असे दोन पर्याय असतात. घाईत दुसरा दाबला, की संपलं!

आम्ही दुसरा उपाय केला. अपडेट काढून टाक म्हणून सांगितलं आणि हात बांधून बसलो. पडद्यावर चक्र फिरत होतं. बटणमंत्री बोर्डाच्या पुढे पहारा देत उभा होता, कुणी जवळ फिरकलं तरी “ए, बाजूला!” म्हणून ओरडत होता. चाळीस मिनिटं गेली. मग पडद्यावर आमचा नेहमीचा फोटो उमटला. शाळेपुढचं लिंबाचं झाड!

चार दिवसांनी तेच अपडेट पुन्हा केलं. इन्व्हर्टर लावून, चिठ्ठी चिकटवून, आणि शेजारी बसून. बिनबोभाट झालं.

मोठ्यांच्याही कढया करपतात

तुम्ही म्हणाल, खेड्यातली शाळा आणि असले गुरुजी, म्हणून हे झालं. तसं नाही बरं का! १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या एका अमेरिकन कंपनीनं आपल्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटीशी फाईल जगभर पाठवली. भारतात तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. ते विंडोजचं अपडेट नव्हतं. पण हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी आतल्या माजघरात बसून काम करणारं. फाईलमध्ये चूक होती. विंडोज धडाधड कोसळू लागलं. सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडदे दाखवत बसले! विमानतळ, बँका, दवाखाने, दूरदर्शन वाहिन्या, सगळीकडे गोंधळ. आपल्या देशातल्या विमानतळांवर काही प्रवाशांना चक्क हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पेनाला पुन्हा मान आला!

कंपनीला चूक लवकर कळली. ७८ मिनिटांत तिनं ती फाईल मागे घेतली. पण जे कॉम्प्युटर सुरूच होत नव्हते, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? मग माणसांनी एकेका कॉम्प्युटरजवळ जाऊन, तो सेफ मोडमध्ये उठवून, हातानं ती एक फाईल पुसली. ज्यांनी आपल्या डिस्कला कुलूप लावलं होतं, त्यांना ४८ आकडी किल्लीही शोधावी लागली. काही किल्ल्या तर बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्येच ठेवलेल्या होत्या! तिजोरीची चावी तिजोरीतच, अशातली गत.

आता याहून लांबची गोष्ट ऐका. मंगळावरची! व्हायकिंग-१ हे अमेरिकेचं यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरलं. सहा वर्षं त्यानं काम केलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्याच्या बॅटरीच्या चार्जिंगसाठी पृथ्वीवरून नव्या सूचना पाठवल्या गेल्या. त्या चुकून नेमक्या अशा जागी लिहिल्या गेल्या, जिथे अँटेना पृथ्वीकडे कसा वळवायचा याची माहिती होती. झालं! यानाचं तोंड फिरलं ते फिरलंच. पुन्हा त्याचा आवाज कधी आला नाही.

पण लोक त्यातून शिकले. जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट नावाची गाडी मंगळावर उतरली. थोड्याच दिवसांत तिचा कॉम्प्युटर आमच्या कॉम्प्युटरसारखंच करू लागला. सुरू व्हायचा, बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. साठहून जास्त वेळा! तिच्याजवळ जाऊन पेनड्राइव्ह कोण लावणार? शास्त्रज्ञांनी शांतपणे विचार केला. फायली साठवण्याच्या जागेत फार गर्दी झाली असावी, असा त्यांना संशय आला. त्यांनी पृथ्वीवरून सांगितलं, ‘त्या जागेकडे न बघता सुरू हो.’ म्हणजे त्यांचा सेफ मोडच म्हणा ना! गाडी जागी झाली. मग त्यांनी नको असलेल्या फायली काढल्या, जागा साफ केली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी २०१० सालापर्यंत बोलत राहिली.

स्पिरिटला कुणी वाचवलं? घाई न करणाऱ्या आणि ‘कॉम्प्युटरला आत्ता नेमकं काय काय येतंय’ हे आधी शोधणाऱ्या माणसांनी. आमच्या पॉलिटेक्निकवाल्यानं तरी दुसरं काय केलं?

बियाण्याची राखण

आता सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही वाचलो ते नशिबानं. अपडेटऐवजी डिस्कच जळाली असती, तर उबुंटू काय आणि दुसरं काय, कुणाचाही इलाज चालला नसता.

आपल्या पणज्या बियाणं कसं ठेवायच्या, ते घरी विचारा. चांगली कणसं निवडून काढायच्या. थोडं बी कणगीत, थोडं राख मिसळून मडक्यात, आणि थोडं लेकीच्या नाहीतर बहिणीच्या गावी. एका ठिकाणी कीड लागली, घर गळलं, तरी पेरणी अडायची नाही. कॉम्प्युटरवाले लोक हेच सांगतात, आणि त्याला तीन-दोन-एकचा नियम म्हणतात. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा. आणि त्यातली एक तरी दुसऱ्या ठिकाणी ठेवा. पणजीला हा नियम कुणी शिकवला नव्हता, तरी तो तिला येत होता!

आमच्या ओव्या आता शाळेच्या कॉम्प्युटरवर आहेत, एका पेनड्राइव्हवर माझ्या घरच्या कपाटात आहेत, आणि इंटरनेटवरच्या साठवणीत आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन मुलं त्यातल्या कुठल्याही तीन ओव्या वाजवून बघतात. नुसतं बी ठेवून भागत नाही, ते उगवतं का हेही बघावं लागतं. नातीच्या घरच्यांनाही एक पेनड्राइव्ह दिला आहे. तिचे वडील तो देवघरात ठेवतात.

तर बालमित्रांनो, एवढं लक्षात ठेवा.

१. अपडेट टाळू नका, पण कधीही करू नका. वीज नक्की असेल, बॅटरी भरलेली असेल आणि कुणीतरी जवळ असेल तेव्हाच करा.

२. अपडेटच्या आधी महत्त्वाच्या फायलींची नक्कल काढा.

३. चक्र फिरत असेल तर थांबा. गोष्टीचं एखादं पुस्तक वाचा!

४. बिघडलंच तर पडद्यावर काय लिहिलं आहे ते वहीत जसंच्या तसं उतरवून घ्या. डॉक्टरला लक्षणं सांगायला नकोत का?

५. स्वतःच काहीतरी दाबत बसू नका. घरातल्या मोठ्यांना, शिक्षकांना बोलवा.

६. दुरुस्तीला देताना सगळ्यात आधी सांगा, ‘आतल्या फायली हव्या आहेत.’

आणि पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल येऊन म्हणालं, ‘माझ्या हातून बंद झालं,’ तर आधी रागावू नका. आमच्या बटणमंत्र्यानं खरं सांगितलं, म्हणून मला दहा मिनिटांत बिघाड कळला. त्याला मार बसेल अशी भीती वाटली असती, तर तो गप्प राहिला असता आणि मी दुखणं शोधत बसलो असतो. खरं बोलणारं मूल म्हणजे अर्धी दुरुस्ती!

या आठवड्याचं काम सांगू? घरातला असा एक फोटो किंवा आवाज शोधा, जो एकाच मोबाईलमध्ये आहे. आजोबांचं बोलणं असेल, ताईच्या लग्नातला फोटो असेल. मोठ्यांच्या मदतीनं त्याची दुसऱ्या ठिकाणी नक्कल करा आणि ती उघडून पाहा.

जाता जाता आमच्या वर्गातली एक नवी पाटी सांगतो. कॉम्प्युटरच्या बोर्डावर ती चिकटवली आहे. अक्षर बटणमंत्र्याचं, शुद्धलेखनही त्याचंच. मी मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही.

‘घरी जाताना बटने बंद करावी. चक्र फिरत आसल तर करू नये. गुरुजीला हाक मारावी. गुरुजीने पन लक्ष द्यावे.’

तुमचेच,
ईटचे गुरुजी